धातूंची अरेषीय स्थितिस्थापकता कशी मोजावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रॉबर्ट हुकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम शाळेपासून सर्वांच्या परिचयाचा आहे: पदार्थात निर्माण होणारी विकृती (लांबीतील सापेक्ष बदल) ही प्रतिबलाच्या (दर क्षेत्रफळावरील बलाच्या) प्रमाणात असते. अभियांत्रिकीची बहुतेक गणिते या नियमावर निर्धास्तपणे चालतात, कारण पोलाद किंवा ॲल्युमिनियम कायमचे वाकण्याआधी जेवढे ताणले जाऊ शकते, तेवढ्या मर्यादेत या नियमातील चूक फारच लहान असते. तरीही ती शून्य नसते. दोन अणू एकमेकांजवळ ढकलणे हे त्यांना तेवढ्याच अंतराने दूर ओढण्यापेक्षा कठीण असते. त्यांच्यामधील ऊर्जेचा आलेख दोन्ही बाजूंना सारखा नसतो, आणि या असमानतेमुळेच धातू तापल्यावर प्रसरण पावतात. त्याच असमानतेमुळे ताणलेल्या धातूचा ताठपणा किंचित बदलतो, त्यातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग बदलतो आणि एका वारंवारतेचा तीव्र तरंग पुढे जाताना दुप्पट वारंवारतेचा एक क्षीण तरंग निर्माण करतो. या सगळ्याला मिळून अरेषीय स्थितिस्थापकता म्हणतात.

गोव्यात पदव्युत्तर प्रकल्पासाठी किंवा एखाद्या कारखान्याच्या तपासणी विभागासाठी हे मोजमाप प्रथमच करू पाहणाऱ्यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. पदवीपातळीचे भौतिकशास्त्र आणि अल्ट्रासॉनिक तपासणीची तोंडओळख एवढे वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे. संपूर्ण लेखात एकच सूत्र आहे: आपल्याला मोजायचा परिणाम नेमका किती लहान आहे ते आधी आकड्यात काढावे, आणि मग आपल्याच उपकरणात तेवढ्याच आकाराचा खोटा परिणाम कोठून येऊ शकतो, ते शोधावे. या क्षेत्रातील निम्म्याहून अधिक श्रम या दुसऱ्या कामात जातात आणि ते तसेच जायला हवेत, असे माझे मत आहे.

नेमके काय मोजायचे?

सर्व दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या धातूला रेषीय सिद्धांतात दोन स्थिरांक पुरतात. त्यांना लॅम्डा आणि म्यू म्हणतात. यांपैकी म्यू म्हणजे कर्तन गुणांक. अरेषीयतेची पहिली पायरी धरली की आणखी तीन स्थिरांक लागतात. फ्रान्सिस मर्नाघन यांनी १९३७ साली मांडलेल्या पद्धतीत त्यांना एल, एम आणि एन अशी नावे आहेत. लँडाऊ यांच्या पद्धतीत ए, बी, सी ही वेगळी अक्षरे येतात, पण रूपांतर सोपे आहे: एन = ए, एम = ए/२ + बी, एल = बी + सी. एकस्फटिकासाठी ब्रगर यांची १९६४ ची पद्धत वापरतात आणि तेथे घन रचनेच्या धातूला तिसऱ्या क्रमाचे सहा स्थिरांक असतात. उदाहरणार्थ, हिकी आणि ग्रॅनाटो यांनी १९६६ साली तांब्याच्या एकस्फटिकासाठी सी-१११ चे मूल्य उणे १२७१ गिगापास्कल असे दिले. त्याच दिशेचा रेषीय स्थिरांक सी-११ हा १६६ गिगापास्कलच्या आसपास असतो. तिसऱ्या क्रमाचा स्थिरांक आकाराने सात-आठ पट मोठा आणि चिन्हाने ऋण असणे ही धातूंमधील नेहमीची गोष्ट आहे. आपले उत्तर धन आले तर आनंदित होण्याआधी चिन्हांची तपासणी करावी.

पाचही स्थिरांक काढण्याची गरज प्रत्येकाला नसते. पुष्कळदा बीटा हा एकच अरेषीयता गुणांक पुरतो. अनुतरंगासाठी, म्हणजे ज्यात कण तरंगाच्याच दिशेने हलतात त्या तरंगासाठी, बीटा = −(३ + सी-१११/सी-११), आणि मर्नाघन यांच्या अक्षरांत सी-१११ = २ एल + ४ एम. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. काही लेखक याच्या निम्म्या राशीला बीटा म्हणतात, काही चिन्ह उलटे घेतात. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यापूर्वी त्याची व्याख्या वाचली नाही, तर दुपटीचा फरक विनाकारण हाती येतो.

ओढण्याच्या यंत्रावर हे का जमत नाही?

नवख्या विद्यार्थ्याचा पहिला विचार असा असतो की ताणपरीक्षण यंत्रावर प्रतिबल-विकृतीचा आलेख काढावा आणि त्याची वक्रता मोजावी. हिशेब करून पाहावा. सौम्य पोलाद साधारण २५० मेगापास्कलला कायमचे ताणले जाऊ लागते, म्हणजे तोवर विकृती जेमतेम ०.१२ टक्के झालेली असते. अरेषीय पद हे विकृतीच्या काही पट एवढेच असल्याने सरळ रेषेपासूनचे विचलन अर्ध्या टक्क्याच्या घरात राहते. यंत्राच्या जबड्यांची किंचित घसरण, नमुन्याचे सूक्ष्म वाकणे आणि धातू ज्या बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो त्यांपैकी काहींमध्ये आधीच सुरू झालेली प्लास्टिक, म्हणजे कायमची विकृती, हे सर्व मिळून त्याच आकाराची वक्रता सहज निर्माण करतात. ब्रेनर यांनी १९५६ साली अभ्यासलेल्या केसासारख्या बारीक धातुस्फटिकांमध्ये कितीतरी मोठी विकृती न मोडता साधते आणि तेथे वक्रता थेट दिसते; पण वर्कशॉपमधून आणलेल्या सळईला ती सवलत नाही. म्हणून ध्वनीचा आधार घ्यावा लागतो, कारण काळ ही राशी आपण बलापेक्षा फार अधिक अचूकपणे मोजू शकतो.

नमुना

पहिल्या प्रकल्पासाठी ॲल्युमिनियमची मिश्रधातू घ्यावी, असा माझा आग्रह आहे. तिच्यात ध्वनीचे क्षीणन, म्हणजे वाटेत होणारी घट, कमी असते, ती वेर्णा किंवा मडगावच्या कोणत्याही लेथवर व्यवस्थित कापता येते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तिचा पृष्ठभाग एका रात्रीत गंजत नाही. पोलाद घ्यायचे असल्यास घासून झालेल्या पृष्ठभागांवर तेलाचा पातळ थर लावून नमुने सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवावेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर ठेवलेला पॉलिश केलेला पृष्ठभाग दुसऱ्या दिवशी तसाच राहील, असे समजू नये.

सर्व तुकडे एकाच सळईतून कापावेत आणि तो तुकडा सळईच्या कोणत्या भागातला, ते त्यावर कोरून ठेवावे. समोरासमोरचे दोन पृष्ठभाग सपाट आणि समांतर हवेत. समांतरतेतील चूक काही मायक्रोमीटरच्या आत ठेवता आली तर उत्तम. कापण्यामुळे आणि वळवण्यामुळे आलेले अंतर्गत प्रतिबल घालवायचे असेल तर नमुना अनील करावा, म्हणजे तापवून सावकाश थंड करावा, पण अनील केल्याने मिश्रधातूची अवस्थाही बदलते, हे ध्यानात ठेवून तो निर्णय घ्यावा आणि नोंदवावा. जहाजबांधणीत वापरतात तसल्या लाटलेल्या प्लेटमधून नमुना कापला असेल, तर लाटण्याची दिशा त्यावर बाणाने दाखवून ठेवावी. लाटलेल्या धातूत स्फटिककणांची मांडणी एका दिशेला झुकलेली असते, आणि भार शून्य असतानाही त्यात दिशेनुसार ध्वनीचा वेग बदलतो.

आधी रेषीय स्थिरांक

हे काम रटाळ वाटते, पण ते टाळता येत नाही. आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता काढावी, मायक्रोमीटरने जाडी मोजावी, आणि अनुतरंग व अवतरंग या दोहोंचा वेग पल्स-एको पद्धतीने, म्हणजे स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागणारा काळ मोजून, काढावा. अवतरंगात कण तरंगाला काटकोनात हलतात. त्याच्या प्रोबसाठी (तरंग सोडणाऱ्या व टिपणाऱ्या घटकासाठी) घट्ट, मधासारखा कपलंट, म्हणजे प्रोब आणि धातू यांना जोडणारा द्रवाचा थर, लागतो, कारण पातळ तेल कर्तन पोहोचवत नाही. सौम्य पोलादात अनुतरंगाचा वेग सुमारे ५९०० आणि अवतरंगाचा सुमारे ३२०० मीटर प्रति सेकंद येतो. ॲल्युमिनियमसाठी हेच आकडे ६३०० आणि ३१०० च्या जवळपास असतात. घनता गुणिले वेगाचा वर्ग एवढ्यावर पोलादासाठी लॅम्डा + २ म्यू सुमारे २७३ आणि म्यू सुमारे ८० गिगापास्कल मिळतो. आपले आकडे यापासून फार दूर असतील तर पुढे जाऊ नये. जाडी, घनता किंवा प्रतिध्वनींची मोजणी यांपैकी कुठेतरी चूक आहे.

भाराखालील ध्वनिवेग

आता मुख्य प्रयोग. नमुन्यावर ज्ञात भार द्यायचा आणि वेग किती बदलतो ते मोजायचे. ह्यूझ आणि केली यांनी १९५३ साली या पद्धतीने आर्मको लोखंड, पॉलिस्टायरीन आणि पायरेक्स काच यांचे स्थिरांक काढले. आजही पद्धतीचा गाभा तोच आहे.

परिणाम किती लहान आहे? रेल्वेच्या रुळाच्या पोलादावर एगल आणि ब्रे यांनी १९७६ साली केलेले मोजमाप या क्षेत्रात वारंवार आधाराला घेतले जाते. त्यांचे स्थिरांक गिगापास्कलमध्ये असे आहेत: लॅम्डा ११५.८, म्यू ७९.९, एल उणे २४८, एम उणे ६२३, एन उणे ७१४. हे आकडे सूत्रात घातले की १०० मेगापास्कल ओढीखाली, ओढीच्याच दिशेने जाणाऱ्या अनुतरंगाचा वेग सुमारे ०.१२ टक्क्याने घटतो, म्हणजे सुमारे ७ मीटर प्रति सेकंद. ५० मिलिमीटर अंतर कापायला त्या तरंगाला साडेआठ मायक्रोसेकंद लागतात, आणि त्यात फरक पडतो तो फक्त १० नॅनोसेकंदांचा. दहा टक्के अचूकता हवी असेल तर एक नॅनोसेकंद खात्रीने वाचता आला पाहिजे. पडद्यावर डोळ्यांनी शिखर वाचून हे होत नाही. भार शून्य असतानाचा संकेत साठवून ठेवावा आणि भाराखालील संकेताशी त्याचा क्रॉस-कोरिलेशन काढावा (एक संकेत दुसऱ्यावर सरकवून सर्वाधिक जुळणीची जागा शोधावी), म्हणजे नमुनाकरणाच्या अंतरापेक्षाही लहान काळ मिळतो.

याच आकड्यांतून दिशेचे महत्त्वही कळते. भाराला काटकोनात, म्हणजे पट्टीच्या जाडीतून जाणारा अनुतरंग या प्रतिबलाला जवळजवळ दाद देत नाही. त्याचा बदल वर दिलेल्याच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढा असतो. अनेक नवखे नेमका हाच प्रोब लावतात, कारण तो लावायला सर्वात सोपा असतो. जाडीतून अवतरंग पाठवला तर चित्र बदलते: कणांचे हलणे भाराच्या दिशेने असेल तर १०० मेगापास्कलला वेग सुमारे ०.०७५ टक्के घटतो, आणि ते भाराला काटकोनात असेल तर जवळपास बदलतच नाही. प्रोब नुसता ९० अंशांनी फिरवून मिळणारा हा फरक फार उपयोगी आहे, कारण जाडी आणि तापमान दोन्ही मोजमापांत सारखेच असल्यामुळे त्यांचा परिणाम वजाबाकीत बहुतांशी निघून जातो. मात्र लाटलेल्या प्लेटमध्ये भाराविनाही असा फरक आधीच असतो आणि तो कित्येकदा प्रतिबलामुळे येणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून निरपेक्ष आकडा न घेता भारानुसार होणारा बदल, म्हणजे आलेखाचा उतार, घ्यावा.

भाराच्या दिशेने अनुतरंग पाठवण्यासाठी नमुन्याच्या टोकांना प्रोब लावणे शक्य नसते, कारण तेथे यंत्राचे जबडे असतात. त्यासाठी ॲक्रिलिकच्या पाचरीतून सुमारे २८ अंशांच्या कोनात तरंग सोडतात, म्हणजे तो पोलादाच्या पृष्ठभागालगत समांतर धावतो. ॲक्रिलिकमधला वेग तापमानाला फार हळवा असतो. म्हणून एक प्रक्षेपक आणि त्याच्या पुढे ठरावीक अंतरावर दोन ग्राहक अशी मांडणी करून दोन्ही ग्राहकांमधील काळाचा फरक घ्यावा. तिन्ही पाचरी एकाच ताठ चौकटीत बसवलेल्या असल्या तर अंतर स्थिर राहते आणि धातू ताणल्यामुळे वाटेची लांबी वाढल्याची दुरुस्ती करावी लागत नाही. प्रोब थेट नमुन्याला चिकटवले असतील तर ती दुरुस्ती करावी लागते आणि ती क्षुल्लक नाही: १०० मेगापास्कलला पोलाद सुमारे ०.०४८ टक्के ताणले जाते, म्हणजे मोजायच्या परिणामाच्या ४० टक्के. ह्यूझ-केली यांच्या सूत्रांत घनता भाराविनाची आणि वेग मात्र भाराखालच्या प्रत्यक्ष लांबीवरचा असतो. ही जोडी उलटसुलट केली तर नेमकी याच आकाराची चूक शिरते.

प्रतिबल भारावरून काढावे, पण नमुन्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज चिकटवून विकृतीही वाचावी. दोन्ही गेज वेगळे आकडे दाखवत असतील तर नमुना वाकत आहे. कमाल भार प्रवाहबिंदूच्या (जेथे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो त्या प्रतिबलाच्या) निम्म्याच्या खाली ठेवावा, मोजमापाआधी काही वेळा भार चढवून उतरवून घ्यावा, आणि वाचने चढताना व उतरताना अशी दोन्ही वेळा घ्यावीत. चढती-उतरती रेषा एकमेकींवर पडत नसतील तर कपलंटचा थर बदलत आहे किंवा तापमान सरकत आहे.

तापमान हा येथील मोठा तोतया आहे. पोलादात अनुतरंगाचा वेग दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०१ टक्के घटतो. प्रयोगशाळेचे तापमान दुपारी १० अंशांनी बदलले तर तेवढ्यानेच सुमारे ८० मेगापास्कलचा आभास निर्माण होतो. वातानुकूलन यंत्र सुरू करून लगेच मोजायला बसू नये. नमुन्यालाच थर्मोकपल चिकटवावे आणि खोलीचे तापमान नव्हे तर त्याचे वाचन नोंदवावे. पावसाळ्यात वीज जाऊन परत येण्याचा प्रकार घडला तर त्या आधीची आणि नंतरची वाचने एकाच आलेखात मिसळू नयेत.

याचे सर्वात बोलके उदाहरण रुळावर दिसते. पेडणे ते काणकोण अशा कोकण रेल्वेच्या मार्गावर असतो तसा लांब, जोडून टाकलेला रूळ उन्हात तापला की त्याला पसरायला जागा नसते आणि त्यात दर अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल दाब साठतो. रूळ त्याच्या प्रतिबलशून्य तापमानाच्या ३० अंश वर गेला तर दाब सुमारे ७२ मेगापास्कल होतो आणि त्यामुळे वेग सुमारे ०.०९ टक्के वाढतो. पण त्याच ३० अंशांमुळे वेग सुमारे ०.३ टक्के घटतो. म्हणजे ज्या राशीसाठी मोजमाप करायचे, तिच्या तिप्पट मोठा आणि उलट चिन्हाचा परिणाम त्यावर स्वार झालेला असतो. रुळातील प्रतिबल ध्वनीने मोजण्याची कल्पना सुंदर असूनही ती प्रत्यक्षात अवघड का ठरते, ते या एका वजाबाकीत आहे.

उतारांवरून स्थिरांक

तीन उतार हाती आले की गणित सुरू होते. घनता × वेगाचा वर्ग ही राशी प्रतिबलासमोर मांडावी. प्रत्येक रेषेचा उतार म्हणजे पुढील पद भागिले ३ के. येथे के म्हणजे लॅम्डा + (२/३) म्यू, अर्थात घनीय गुणांक, आणि ओढ धन धरली आहे.

अनुतरंग, भाराच्या दिशेने:
२ एल + लॅम्डा + [(लॅम्डा + म्यू)/म्यू] × (४ एम + ४ लॅम्डा + १० म्यू)

जाडीतून अवतरंग, कणांचे हलणे भाराच्या दिशेने:
एम + (लॅम्डा × एन)/(४ म्यू) + लॅम्डा + २ म्यू

जाडीतून अवतरंग, कणांचे हलणे भाराला काटकोनात:
एम − [(लॅम्डा + म्यू)/(२ म्यू)] × एन − २ लॅम्डा

शेवटच्या दोन समीकरणांत एल नाही. म्हणून आधी त्यांतून एम आणि एन सोडवावेत आणि मग पहिल्यातून एल काढावा. एल मध्ये येणारी चूक नेहमी मोठी असते, कारण पहिल्या समीकरणात एम ला सुमारे दहाचा गुणक आहे आणि एल ला फक्त दोनचा. एम मधली थोडीशी चूकही एल ला हलवून टाकते. ह्यूझ आणि केली यांचाच लोखंडासाठीचा एल उणे ३४८ असून त्यावर ६५ ची अनिश्चितता आहे. त्यांच्या एन चे मूल्य तर अधिक ११०० आहे, तर वर दिलेल्या रुळाच्या पोलादासाठी ते उणे ७१४ आहे. लोहाधारित दोन नमुन्यांत चिन्हसुद्धा जुळत नाही, यावरून कोष्टकातील आकडा उचलून आपल्या नमुन्याला लावणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानात यावे.

दुसरा हार्मोनिक

दुसरी पद्धत वेगळ्या वाटेने जाते. येथे बाहेरून भार द्यायचा नसतो. तरंग स्वतःच पुरेसा तीव्र करायचा असतो. ५ मेगाहर्ट्झचा तरंग धातूतून जाताना १० मेगाहर्ट्झचा घटक, म्हणजे दुसरा हार्मोनिक, तयार होतो. त्याचा आयाम = (बीटा × तरंगांकाचा वर्ग × अंतर × मूळ आयामाचा वर्ग) ÷ ८. येथे तरंगांक म्हणजे २ पाय भागिले तरंगलांबी. ब्रेझील आणि थॉम्पसन यांनी १९६३ साली ॲल्युमिनियममध्ये हा परिणाम मोजला, आणि त्यांच्याच सुमारास सोव्हिएत संघात गेड्रॉइट्स आणि क्रासिल्निकोव्ह यांनीही धातूंवर असे काम केले.

पुन्हा आकडा काढावा. ॲल्युमिनियम, बीटा ५ धरला, अंतर ५० मिलिमीटर, मूळ आयाम १० नॅनोमीटर: दुसऱ्या हार्मोनिकचा आयाम ०.०८ नॅनोमीटरच्या आत येतो, म्हणजे अणूच्या व्यासाहूनही कमी. मूळ आयामाच्या तुलनेत तो पाऊण टक्का, सुमारे उणे ४२ डेसिबल. आता आपल्या शक्तिवर्धकाची माहितीपुस्तिका उघडावी. त्याचे स्वतःचे डिस्टॉर्शन (संकेत बिघडवून निर्माण केलेले हार्मोनिक) उणे ४० डेसिबल असेल तर धातूतून येणारा आणि यंत्रातून येणारा संकेत एकाच आकाराचे आहेत. आठ बिटांच्या ऑसिलोस्कोपची एकूण पल्लाक्षमता ५० डेसिबलच्या आसपास असते, म्हणून बारा बिटांचा स्कोप किंवा शेकडो संकेतांची सरासरी लागते.

त्यामुळे मांडणी अशी करावी. नेहमीच्या दोषशोधक यंत्राचा तीक्ष्ण स्पंद येथे चालत नाही, कारण त्यात सर्वच वारंवारता मिसळलेल्या असतात; १० ते २० आवर्तनांचा शुद्ध टोन-बर्स्ट हवा. शक्तिवर्धकानंतर १० मेगाहर्ट्झ अडवणारा लो-पास फिल्टर लावावा. प्रक्षेपक म्हणून लिथियम नायोबेटचा प्रोब श्रेयस्कर, कारण नेहमीच्या पीझेडटी सिरॅमिकपेक्षा त्याची स्वतःची अरेषीयता कमी असते. ग्राहक १० मेगाहर्ट्झचा घ्यावा. ॲल्युमिनियममध्ये १५ आवर्तनांचा बर्स्ट सुमारे १९ मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे १० मिलिमीटरहून पातळ तुकड्यात पहिला संकेत आणि त्याचा प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात. तुकडे त्याहून बरेच जाड ठेवावेत. नमुना पाण्यात बुडवून मोजण्याचा मोह टाळावा. पाण्यात ध्वनीचा वेग ॲल्युमिनियमच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा असल्याने तरंगांकाचा वर्ग सुमारे अठरा पट होतो आणि धातूत शिरण्यापूर्वीच मोठा हार्मोनिक तयार झालेला असतो.

प्रक्षेपकाचे व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी वाढवत न्यावे, प्रत्येक पायरीला स्थिर भागावर हॅन विंडो लावून फूरियर रूपांतर काढावे, आणि दुसऱ्या हार्मोनिकचा आयाम मूळ आयामाच्या वर्गासमोर मांडावा. सरळ रेषा आली की बहुतेक जण येथेच थांबतात आणि उतारालाच बीटा म्हणतात. हे पुरेसे नाही. शक्तिवर्धकातील आणि कपलंटमधील अरेषीयताही वर्गाच्याच नियमाने वाढते, त्यामुळे सरळ रेषा त्यांच्यामुळेही मिळते. संकेताची कला (फेज) उलटवून दोन वाचने मिळवण्याची युक्ती मूळ घटक घालवते, पण यंत्राचा हार्मोनिक ती घालवत नाही. खरी कसोटी लांबीची आहे: एकाच सळईचे, उदाहरणार्थ २०, ४०, ६० आणि ८० मिलिमीटरचे तुकडे घ्यावेत, प्रत्येकाचा उतार काढावा आणि तो लांबीसमोर मांडावा. धातूतून येणारा भाग लांबीबरोबर वाढतो. लांबी शून्य असताना उरणारे मूल्य हे यंत्र, प्रोब आणि कपलंट यांचे. एवढा एक आलेख प्रबंधात असेल तर परीक्षकाचे बरेचसे प्रश्न आधीच मिटतात.

त्यानंतर दोन दुरुस्त्या उरतात. अर्धा इंच व्यासाच्या ५ मेगाहर्ट्झ प्रोबचे निकटक्षेत्र, म्हणजे ज्यापुढे तरंग पसरू लागतो तो जवळचा भाग, ॲल्युमिनियममध्ये सुमारे ३२ मिलिमीटर असते, म्हणजे आपले तुकडे त्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पडतात आणि विवर्तनाची दुरुस्ती करावीच लागते. क्षीणन १० मेगाहर्ट्झला ५ मेगाहर्ट्झपेक्षा जास्त असते. बारीक कणांच्या ॲल्युमिनियममध्ये ते सोसण्यासारखे असते, जाड कणांच्या ओतीव पोलादात ते सगळा आलेख वाकवून टाकते.

कपलंटचा थर दरवेळी वेगळा बसतो. प्रोब हाताने दाबू नये. ठरावीक वजन किंवा स्प्रिंगचा क्लॅम्प वापरावा, आणि प्रत्येक तुकड्यासाठी प्रोब पूर्ण काढून, पुसून, पुन्हा बसवून वाचने घ्यावीत. या वाचनांमधील पसारा हीच आपली खरी अनिश्चितता. प्रोब न हलवता घेतलेल्या वाचनांचा देखणा, अरुंद पसारा काहीच सांगत नाही.

आतापर्यंतची राशी व्होल्टमध्ये आहे. निरपेक्ष बीटा हवा असेल तर आयाम नॅनोमीटरमध्ये लागतो आणि त्यासाठी धारित्र-ग्राहक, लेसर इंटरफेरोमीटर किंवा व्युत्क्रमतेच्या तत्त्वावर प्रोबचे अंशांकन, यांपैकी एक करावे लागते. सोय नसेल तर फ्यूज्ड सिलिकाचा तुकडा संदर्भ म्हणून त्याच मांडणीत मोजावा. त्याच्या बीटाचे परिमाण १२ च्या जवळपास असते, मात्र चिन्ह धातूंच्या उलट असते. धातूची झीज किंवा थकवा तपासणे एवढाच हेतू असेल तर सापेक्ष मूल्य पुरते. हिकाटा, चिक आणि एल्बॉम यांनी १९६५ साली दाखवल्याप्रमाणे स्फटिकातील विस्थापन-रेषाही (अणूंच्या मांडणीतील रेषेसारखे दोष) दुसरा हार्मोनिक निर्माण करतात. वारंवार भार सोसलेल्या भागात त्यांची संख्या आणि मांडणी बदलते, म्हणून भेग दिसण्याआधीच बीटा वाढलेला आढळू शकतो. मात्र उष्णता-प्रक्रिया आणि अवक्षेपांमुळेही तो बदलतो, त्यामुळे न वापरलेला, त्याच हीटमधला (एकाच वेळी वितळवलेल्या धातूतला) तुकडा शेजारी मोजल्याशिवाय वाढ थकव्यामुळेच झाली असे लिहू नये.

दोन्ही वाटा जुळवून पाहणे

एल आणि एम हाती असतील तर त्यांवरून बीटा काढून तो हार्मोनिकने आलेल्या बीटाशी ताडून पाहावा. रुळाच्या पोलादासाठी २ एल + ४ एम = उणे २९८८, लॅम्डा + २ म्यू = २७५.६, म्हणून बीटा सुमारे ७.८ येतो. दुसरी तपासणी दाबाची: घनीय गुणांक दाबाबरोबर ज्या दराने वाढतो तो दर = −(१८ एल + २ एन)/(९ के). धातूंसाठी हा दर सामान्यतः ४ ते ६ च्या आसपास असतो. वरच्या आकड्यांवरून तो ३.९ येतो, म्हणजे जरा कमी, पण एल मधील अनिश्चितता पाहता चालण्यासारखा. आपले उत्तर २ किंवा १० आले तर एल वर विश्वास ठेवू नये. पुन्हा अवतरंगाच्या उतारांकडे जावे आणि तेथील प्रोबची दिशा भाराशी खरोखर काटकोनात होती का ते पाहावे.

अहवालात स्थिरांकांबरोबर बीटाची व्याख्या, तापमान, भाराची कमाल मर्यादा, मिश्रधातूचा प्रकार व उष्णता-प्रक्रिया, कणांचा सरासरी आकार आणि लाटण्याची दिशा या गोष्टी लिहाव्यात. कणांचा आकार नंतर विचारला जातोच. म्हणून कापून उरलेले तुकडे भंगारात देऊ नयेत, खुणेसह तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवावेत.